५ कोड पॉइंट, १५ बाइट
आज दिवसभर सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या वाइड कॅरेक्टर स्ट्रिंग (प्रत्येक चिन्हाला ठरावीक बाइट देणारा मजकूर) यूटीएफ-८ मध्ये (चिन्हानुसार कमी-जास्त बाइट घेणाऱ्या पद्धतीत) बदलत बसले होते. फार आनंद झाला! ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ कोड पॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक), प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १५. वर स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य बाइट. पण बफर (निकाल ठेवायची जागा) नेमका १५ बाइटचा असला, तर हे रूपांतर करणारं डब्ल्यूसीएस-टू-एमबीएस (wcstombs) फंक्शन तो शून्य लिहीतच नाही, आणि एररही देत नाही. परत आलेला आकडा बफरएवढाच आहे का, हे आपणच तपासायचं. भाषा आणि अक्षरपद्धती ठरवणारं सेटलोकेल (setlocale) फंक्शन आधी हवंच (प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ लोकेलमध्ये), नाहीतर लिनक्सवर पहिल्याच देवनागरी अक्षराला उणे १, म्हणजे एरर, हाती येतो. इतकी महत्त्वाची गोष्ट शिकवताना एका ओळीत उरकतात, याचं मनापासून वाईट वाटतं. उद्या विंडोज, तिथे वाइड कॅरेक्टर लिनक्ससारखं ४ नव्हे, २ बाइटचं.