रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळी बंद का नाही?

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. हा रक्ताचा कर्करोग झालेल्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, हा प्रश्न हमखास येतो. रक्त सुधारलं, वाढलेली प्लीहा ओसरली, माणूस कामावर जातोय. मग इमॅटिनिब ही या आजारावरची गोळी रोज कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

आधी नॉर्मल आलेला रिपोर्ट कोणता ते बघा. बहुतेक वेळा तो सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी असतो. लाखावर गेलेल्या पांढऱ्या पेशी गोळी सुरू केल्यावर एक-दोन महिन्यांत ताळ्यावर येतात, पण आजार तेवढ्याने गेलेला नसतो. ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन पेशींना सतत ‘वाढा’ असा हुकूम देत राहतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाला अडवते. अस्थिमज्जेत सुप्तावस्थेत असलेल्या मूळ पेशी मात्र तिला पुरत्या मारता येत नाहीत. गोळी थांबली की त्यांना मोकळं रान.

म्हणून भरवसा ठेवायचा तो बीसीआर-एबीएल रक्तात किती उरलंय हे मोजणाऱ्या पीसीआर चाचणीवर, तीही ‘इंटरनॅशनल स्केल’वर, म्हणजे सगळीकडे सारख्या ठरवलेल्या मापावर दिलेल्या टक्केवारीवर. तीन महिन्यांनी १० टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी १, वर्षाने ०.१ ही अपेक्षा. चाचणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. ०.०२ चं ०.०४ झालं म्हणून झोप उडवून घेऊ नका, एवढा फरक चाचणीतच पडू शकतो. ०.०२ चं ०.४ झालं तर मात्र लगेच दाखवा. ‘नॉट डिटेक्टेड’ (सापडलं नाही) वाचून पेढे वाटण्याआधी त्याच कागदावर एबीएलच्या कॉपीज किती ते शोधा; नमुना पुरेसा चांगला होता का, हे या साध्या जनुकाच्या मोजणीवरून कळतं. निदान १०,००० तरी हव्यात. नमुना उशिरा पोहोचला, उन्हात तापला, तर त्यातला आरएनए (चाचणी ज्यावर होते तो पेशींतला नाजूक रेणू) खराब होतो आणि आजार असूनही दिसत नाही. गावाकडून कुरिअरने रक्त पाठवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता गोळीबद्दल. नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटभर जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळते, मग लोक ती टाळतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतली तरी चालते. निर्जळी उपवास मात्र नको. गिळता येत नसेल तर ४०० ची गोळी सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

चुकण्याचा हिशेब कडक आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक सहा वर्षांत ०.१ पर्यंत पोहोचले. त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी जेमतेम २८ टक्के. म्हणजे महिन्याला तीनपेक्षा जास्त गोळ्या बुडवणंही महागात पडतं. पैशासाठी एक दिवसाआड घेत असाल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, लाजू नका. मूळ कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे जेनेरिक गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला; त्या मागून घ्या.

पोटऱ्यांत रात्री गोळे येणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, जुलाब हे त्रास नेहमीचे आहेत आणि बहुतेकांवर उपाय आहे. आठवड्यात वजन दोन किलोने वाढलं किंवा धाप लागली तर अंगात पाणी साठत असेल, वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. कातडीचा रंग फिकट होतो, तोही औषधाचाच परिणाम. लग्नकार्यात ‘काय उजळलीस गं!’ ऐकून घ्यायचं आणि उन्हापासून जपायचं.

टीबीची रिफाम्पिसिन आणि फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण पाडतात; क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल आणि ग्रेपफ्रूट ते वाढवतात. आपल्याकडे टीबी किती आहे हे पाहता त्याचे उपचार सुरू करताना सीएमएलच्या डॉक्टरांना कळवायलाच हवं. डॉक्टरांना द्यायच्या औषधांच्या यादीत काढे आणि चूर्णंही लिहा.

मग कधीच बंद होत नाही का? होते, पण सगळ्यांची नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशींनुसार निवडक रुग्णांमध्ये इमॅटिनिब पाच वर्षांहून अधिक आणि ०.०१ किंवा त्याखालचा निकाल दोन वर्षांहून अधिक टिकलेला असेल तर विचार करता येतो. बंद केल्यावर पीसीआर पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. तेवढ्या चाचण्या होणार नसतील तर गोळी सोडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुमारे निम्म्यांमध्ये आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. आकडा ०.१ च्या वर गेला की गोळी लगेच पुन्हा सुरू करायची; वेळेत केली तर जवळजवळ सगळ्यांचा आजार पुन्हा आटोक्यात येतो. बंद केल्यानंतर काही आठवड्यांत सांधे, खांदे दुखू लागले तर घाबरू नका. काहींना ते औषध सुटल्याने होतं आणि हळूहळू कमी होतं.

मूल हवं असलेल्या स्त्रियांनी हा सगळा हिशेब दिवस जाण्याआधीच डॉक्टरांबरोबर मांडावा, कारण इमॅटिनिब गर्भाला घातक ठरू शकते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.