चोडणच्या खारफुटीत साप पाहायला

गोव्यातल्या चोडण बेटावर पक्षी पाहायला पुष्कळ जण जातात, साप पाहायला फार थोडे. भरतीला होडीतून फिरलं तर साप दिसणं कठीणच. त्यांच्यासाठी ओहोटी गाठावी लागते.

आम्ही मुद्दाम अमावास्या निवडली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर ओसरतं आणि ऊनही उतरलेलं असतं. अष्टमीला सुकती भर दुपारी येते, पाणीही कमी ओसरतं; ती तिथी टाळाच.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. वनखात्याचं तिकीट काढून पायवाटेने आत जायचं. चालत सुटू नका. एखादा ओहळ दिसेल अशी जागा धरा आणि तिथेच उभे राहा. आम्ही उभे होतो तिथे तिवराच्या श्वासमुळांमधून निवट्या (चिखलावर वावरणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या, पण एका डबक्याच्या कडेला एकही जात नव्हती. दुर्बीण तिकडे वळवली. गढूळ पाण्यावर दोन नाकपुड्या आणि डोक्याच्या पार वर बसवलेले बारीक डोळे, एवढंच. डॉग-फेस्ड वॉटर स्नेक! बराच वेळ तो हललाच नाही. मग एक निवटी जवळ आली आणि त्याने ती आडवी पकडली. याचे विषदंत जबड्यात मागे असतात, त्यामुळे डसून सोडून न देता तो भक्ष्य तोंडात धरून ठेवतो. निवटी शांत झाल्यावर त्याने ती डोक्याकडून गिळली. मग चिखलावर अंग तिरकं टाकत पलीकडच्या मुळांत गेला. असं दृश्य पाहायला दोन तास उभं राहणं मला मुळीच जड वाटत नाही.

कात टाकून मऊ पडलेल्या खेकड्याचे तुकडे करून खाणारा ग्लॉसी मार्श स्नेकही गोव्याच्या खारफुटीत आहे, पण तो निशाचर. आम्हाला दिसला नाही.

या दोघांचं विष माणसासाठी सौम्य. खरी काळजी घ्यायची ती कोरड्या बांधावर, कारण तिथे घोणस असू शकते. पायघोळ पँट आणि घोट्यावर येणारे बूट घाला, गवतात पाय टाकू नका, अंधाराआधी बाहेर पडा. खाडीत समुद्रसापही येतात. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या सापाला कुणी 'पाणसाप आहे' म्हणून हात लावत असेल तर थांबवा. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरची आहे. समुद्रसापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही.

दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नको. अंगठी, घड्याळ काढा, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. मोठं सरकारी रुग्णालय बांबोळीला, म्हणजे नदीपलीकडे आहे. म्हणून परतीच्या फेरीबोटीच्या वेळा जातानाच धक्क्यावर विचारून घ्या.