गुंठाभर आग

मार्चमधला शनिवार. बेळगावच्या लॅबमध्ये सकाळपासून पोर्तुगालच्या माँटेसिन्यो उद्यानातल्या वणव्यांचा डेटा घेऊन बसलो होतो. २००० ते २००३ मधले ५१७ वणवे. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस बघून किती हेक्टर जळेल ते मशीन लर्निंगनं सांगायचं. सगळ्यात मोठा वणवा १०९० हेक्टरांचा, तर २४७ नोंदींपुढं शून्य. म्हणून क्षेत्रफळाचा लॉग (मोठे आकडे आवळून लहान करणारं गणित) घेऊन मॉडेल शिकवलं. सरासरी चूक कमी झाली, पण मोठे वणवे ते दोन-चार हेक्टरांतच संपवत होतं. ज्या दिवसासाठी अंदाज हवा, तोच दिवस चुकत होता. जीव लागेना.

दुपारी जांबोटीकडून काकांचा फोन आला. "माळाला आग लागलीय. काजूकडं सरकायलीय."

गाडी काढून पोचेपर्यंत आग विझली होती. पाच-सहा जण दगडावर टेकले होते, हातात किंजळीच्या फांद्या. झोडपून झोडपून पानं करपून वळली होती, देठाशी तेवढी हिरवी. काकांनी काळी कड पावलांनी मोजली. "गुंठाभर बी नाही."

गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. आणि माँटेसिन्योच्या डेटात १०० चौरस मीटरच्या आत जळालं की शून्य लिहितात!

मी तिथंच उभा राहिलो. ऊन तेच, वारा तोच, वाळलेलं गवत पार कड्यापर्यंत पसरलेलं. शून्य या फांद्यांनी केलं होतं. त्या २४७ शून्यांतल्या कितींमागं अशीच वेळेत पोचलेली माणसं असतील? तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही. या डेटावर २००७ मध्ये निबंध लिहिणाऱ्या कोर्तेझ आणि मोराइस यांनीही आग विझवण्याची माहिती हवी होती असं म्हटलंय. मी ते वाचलं होतं आणि पुढं गेलो होतो.

वही काढली. "काका, धूर कधी दिसला?"

"जेवायला बसलो नव्हं, तवा."

एका पोरानं मोबाईल बघितला. "मी वरनं फोन केला तो एक अडतीसला. ही सगळी आली दोनच्या आत."

दोन्ही वेळा लिहून घेतल्या, आणि गेल्या उन्हाळ्यातल्या आगींबद्दल विचारायला लागलो.