पाइनटाइमवर मराठी तबकडी: शुक्रवार अखेर नीट उमटला

क ला र नीट जोडलेला, श चा उकार जागच्या जागी, शिरोरेषा सलग. काल रात्री पाइनटाइम या खुल्या स्मार्टघड्याळाच्या पडद्यावर «शुक्रवार» असा दिसला आणि मी तो बराच वेळ नुसता बघत बसले. मागच्या नोंदीत वारांचं काम अर्धवट सोडून तिथे इंग्रजी तीन अक्षरं ठेवली होती. ती आता काढून टाकली.

आधी आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली होती. इन्फिनीटाइम या पाइनटाइम चालवणाऱ्या फर्मवेअरमधल्या इन्फिनीट तबकडीवर तारखेला टेको फॉन्ट वापरलाय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. टेको हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्यात देवनागरी आधीपासून आहे, फक्त घड्याळासाठी फॉन्ट बनवताना ती वगळली जाते! एलव्ही-फॉन्ट-कन्व्ह या घड्याळासाठी फॉन्ट बनवणाऱ्या साधनाला अक्षरक्रमांकांचा पट्टा देताना एका क्रमांकाचं अक्षर दुसऱ्या क्रमांकावर बसवता येतं. देवनागरी आकडे युनिकोडमध्ये ०९६६ पासून ओळीने दहा आहेत. ते रोमन आकड्यांच्या जागेवर बसवले की झालं. सी++ च्या कोडला हातही लावावा लागत नाही, घड्याळ आपलं नेहमीसारखं बारा-चौतीस लिहितं आणि पडद्यावर १२:३४ दिसतं. मात्र १ अंगाने बारीक असल्यामुळे मिनिट बदललं की अख्खी वेळ इकडेतिकडे सरकायची. म्हणून तेवढ्यापुरतं कोडमध्ये प्रत्येक आकड्याला ठरावीक रुंदीचं वेगळं लेबल दिलं. आता ११:११ सुद्धा स्थिर उभं राहतं.

खरं दुखणं वारांचं. इन्फिनीटाइम अजून एलव्हीजीएल या पडद्यावर चित्रं-अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीच्या सातव्या आवृत्तीवर आहे. ती एकेक क्रमांक घेते, त्याचं चित्र शोधते आणि डावीकडून उजवीकडे मांडत जाते. उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची आणि अरबी-फारसीची थोडी सोय तिच्यात आहे, देवनागरीची नाही. अँड्रॉइड फोनमध्ये अक्षरं जुळवण्याचं हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, घड्याळात ते करणारं कोणीच नाही. त्यामुळे सोम आणि मंगळ जेमतेम तरले. बुधचा उकार थोडा सरकला. गुरुवारी रु बिघडला, कारण रु चा उकार पायाशी लागत नाही, पोटाशी येतो, आणि ते रूप फॉन्टमध्ये वेगळं असतं. शुक्रवारी पाय मोडलेला क आणि शेजारी सुटा र. शनि आणि रवि यांची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली. असा वार मनगटावर बांधून मी बाहेर पडणार नव्हते.

पहिला विचार होता की सगळ्या जोडाक्षरांसकट अख्खा फॉन्ट बाहेरच्या ४ एमबी फ्लॅशमध्ये टाकावा. जागा तिथे भरपूर आहे. पण बाहेरचा फॉन्ट वापरायचा तर तो आधी रॅममध्ये चढवावा लागतो, आणि पाइनटाइममध्ये एकूण रॅम ६४ केबी. ब्लूटूथ आणि पडद्याचे बफर वजा केल्यावर हातात फारसं काही उरत नाही. तबकडी निवडली की घड्याळ रीसेट. नवीन फर्मवेअर व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे घड्याळावर कायम म्हणून मान्य केलेलं, नव्हतं म्हणून निभावलं: रीसेट होताच आधीची आवृत्ती आपोआप परत आली. सीलबंद घड्याळ असलेल्यांना कळकळीने सांगते, तबकडी दिवसभर नीट चालल्याशिवाय व्हॅलिडेट करू नका. मागचं झाकण उघडता येत नाही तिथे हा मोठा आधार आहे.

मग वाट बदलली. वार सातच आहेत. जोडाक्षरं जुळवत बसण्यापेक्षा अख्खा शब्दच एक अक्षर मानला तर? युनिकोडमध्ये खाजगी वापराचा पट्टा ई००० पासून सुरू होतो, आणि इन्फिनीटाइमची चिन्हं त्याच्या बरीच पुढे, बहुतेक एफ००० च्या घरात आहेत. म्हणजे टक्कर नाही. लॅपटॉपवर एचबी-व्ह्यू या हार्फबझच्याच साधनाला नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट दिला, भाषा मराठी सांगितली आणि प्रत्येक वाराचं एसव्हीजी रेखाचित्र काढलं. इंकस्केपमध्ये सगळे तुकडे जोडून एक आकार केला, तो फॉन्टफोर्जमध्ये एका क्रमांकावर बसवला. एलव्हीजीएलच्या साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराची रुंदी २५५ पिक्सेलपर्यंत चालते आणि आपला पडदाच २४० चा, त्यामुळे मंगळवारही आरामात मावतो.

इथे भाषा मराठी सांगायला विसरू नका. नाहीतर शेंडीयुक्त श आणि दंडयुक्त ल पदरात पडतात. आपल्या शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मान्य केलेला देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल फॉन्टमध्ये असतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. शुक्रवारचा श आता देठाचा आहे. लहानपणी पाटीवर गिरवला तोच.

तरीही पहिल्या खेपेला शिरोरेषा कुठे एक पिक्सेल, कुठे दोन अशी आली. बुधवारची जाड, रविवारची बारीक. यात बरेच दिवस गेले. फॉन्टचं चित्र करणाऱ्या फ्रीटाइपचा ऑटोहिंटर (अक्षराच्या रेषा पिक्सेलवर नीट बसवणारा भाग) अक्षराची लिपी युनिकोड क्रमांकावरून ओळखतो. खाजगी पट्ट्यातला शब्द देवनागरी आहे हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून शिरोरेषा पिक्सेलच्या रांगेत बसवण्याचं काम तो करत नाही. शेवटी ऑटोहिंटिंग बंद केलं आणि हिशेब हाताने जुळवला. फॉन्टची उंची १००० एकक, आकार २५ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल बरोबर ४० एककांचा. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा ८० एकक जाड केली आणि तिच्या दोन्ही कडा ४० च्या पटीत आणून ठेवल्या. आता सातही वारांची शिरोरेषा बरोबर दोन पिक्सेल, कुठेही दाते नाहीत. ज्यांनी २४ किंवा २८ आकार धरलाय त्यांनी २५ करून बघा, भागाकार स्वच्छ निघतो.

दर पिक्सेलला एक बिट अशा चित्रात शंभर पिक्सेल रुंद वाराला साडेतीनशे बाइट लागतात. सात वार आणि बारा महिने धरूनही हा फॉन्ट थेट फर्मवेअरमध्ये मावतो, रॅमचा प्रश्नच उरत नाही. फर्मवेअरचा कप्पा ४६४ केबीचा आहे आणि तो आधीच ठासून भरलेला असतो, त्यामुळे फर्मवेअर बांधताना सीमेक या साधनाला हव्या तेवढ्याच तबकड्यांची यादी देऊन बाकीच्या गाळल्या. बदल आधी इन्फिनीसिममध्ये, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या घड्याळाच्या नकलेत, बघा. दर वेळी ब्लूटूथवरून फर्मवेअर चढवत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

«नवीन घड्याळ कोणतं घेऊ» असं काही जणांनी विचारलंय. माझी पहिली अट घड्याळ गॅजेटब्रिज या खुल्या फोन-ॲपवर चालतं का, ही. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानातल्या गॅजेटब्रिजकडे इंटरनेटची परवानगीच नाही, त्यामुळे माझी पावलं आणि हृदयाचे ठोके माझ्या फोनबाहेर जात नाहीत. घरात एक स्वस्त घड्याळ आहे, नाव घेत नाही. त्याच्या ॲपला तबकडीचं चित्र बदलायला संपर्कयादी आणि ठावठिकाणा दोन्ही हवे असतात. ते घड्याळ मी कोणालाही सुचवणार नाही. काही कंपन्यांची घड्याळं गॅजेटब्रिजवर छान चालतात, पण त्यांची गुप्त किल्ली मिळवायला एकदा कंपनीच्या ॲपमध्ये खातं उघडावं लागतं. घेण्याआधी गॅजेटब्रिजच्या पानावर तेवढं तपासा. पेबल या जुन्या स्मार्टघड्याळाची प्रणाली जानेवारी २०२५ मध्ये गूगलने खुली केल्यापासून तिकडेही माझं लक्ष आहे. २०१६ मध्ये कंपनी बंद पडल्यावरही लोकांनी ती घड्याळं चालू ठेवली, हीच मला त्यांची सर्वांत मोठी शिफारस वाटते.

आणि ज्यांना मराठी निरोप मनगटावर वाचायचेत त्यांनी आज बँगल-जेएस २ हे घड्याळ घ्यावं. पडदा १७६ पिक्सेलचा, सतत दिसणारा, तबकड्या जावास्क्रिप्टमध्ये. मुख्य म्हणजे गॅजेटब्रिजमध्ये त्याच्यासाठी एक सोय आहे: घड्याळाच्या फॉन्टला न झेपणारा शब्द फोनच चित्र करून पाठवतो. शब्द फोनवर जुळतो, म्हणून जोडाक्षरं शाबूत राहतात. पाइनटाइमवर हेच करायचं माझं पुढचं काम ठरलं होतं.

पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. निरोपांतले शब्द अगणित असतात, तिथी मात्र मोजक्या. प्रतिपदेपासून चतुर्दशीपर्यंत चौदा, शिवाय पौर्णिमा आणि अमावास्या: सोळा शब्द झाले की काम संपलं. शब्दाला अक्षर मानण्याची युक्ती तिथे नेमकी बसते. गणितही घड्याळावर नको. आपल्या गावाच्या सूर्योदयाची तिथी लॅपटॉपवर वर्षभराची काढून ठेवायची, म्हणजे ठावठिकाणा कोणाला सांगावा लागत नाही. दिवसाला एक बाइट पुरेल असं वाटलं होतं, तीस तिथ्या पाच बिटांत बसतात आणि महिना अमावास्येनंतर आपोआप पुढे सरकेल. पण शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तिथे हे गणित फसतं. तेव्हा दिवसाला दोन बाइट, वर्षाला ७३० बाइट. परवडतं. आईला चतुर्थी बघायला कॅलेंडरपर्यंत जावं लागणार नाही.

सुरुवात द्वितीयेपासून करते. द च्या पोटाखालचा तो इवलासा व एका बिटात आणि २५ पिक्सेलमध्ये स्पष्ट आला तर बाकीचे पंधरा सोपे आहेत. नाही आला तर तिथीपुरते दोन बिट घ्यावे लागतील, आणि त्यासाठी आणखी एखादी तबकडी गाळावी लागेल. ज्यांच्याकडे वर्षाच्या तिथी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतील त्यांनी गाव लिहून पाठवा, माझा तक्ता त्याच्याशी पडताळून बघते.