निलंबित खेळाडूने सरावाला यायचंच

मी मुलींच्या हॉकी संघाची प्रशिक्षक. आमच्या सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीत मधोमध खेळणाऱ्या मुलीला, मागच्या स्पर्धेत रेड कार्ड मिळालं, सामन्यातून बाहेर काढलं आणि आयोजकांनी वर तीन सामन्यांची बंदी घातली. तेव्हापासून सोलापुरातल्या पार्क मैदानाजवळच्या चहाच्या गाड्यापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत जो तो मला एकच विचारतोय, "मॅडम, काय करणार आता तिचं?" म्हणून इथे सविस्तरच लिहिते.

घडलं ते असं. समोरची फॉरवर्ड हिला पहिल्या क्वार्टरपासून डिवचत होती. हिची आई विड्या वळते, त्यावरून बोलत होती. चेंडू केव्हाच निघून गेला होता, तेव्हा हिने स्टिक फिरवली आणि ती त्या मुलीच्या मनगटावर बसली. मी बेंचवरून सगळं पाहत होते. कार्ड बरोबरच होतं.

आणि हेच मी त्याच संध्याकाळी सगळ्या मुलींसमोर, तिच्यासमोरही, सांगितलं. अशा वेळी संघात लगेच दोन तट पडतात. "पंच त्यांचेच होते" म्हणणारा एक, "हिच्यामुळे हरलो" म्हणणारा दुसरा. दोन्ही बोलणी मुळातच थांबवायची असतील तर प्रशिक्षकाने स्वतः जे पाहिलं ते त्याच दिवशी स्पष्ट बोलायला हवं. डिवचल्याची तक्रार मी आयोजकांकडे वेगळी, लेखी दिली. पण तिचा आधार घेऊन हिची बंदी कमी करून मागितली नाही. आईवरून बोलणं वाईटच. म्हणून मनगटावर मारलेली स्टिक माफ होत नाही.

पॅरिस ऑलिंपिक पाहिलेल्यांना आपला बचावपटू अमित रोहिदास आठवत असेल. 4 ऑगस्ट 2024, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. 17व्या मिनिटाला त्याची स्टिक समोरच्या खेळाडूच्या चेहऱ्याला लागली आणि रेड कार्ड निघालं. उरलेली चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जणांनी काढली, सामना 1-1 राहिला आणि शूटआउटमध्ये 4-2 ने जिंकलो. आपला गोलकीपर श्रीजेश त्या दिवशी काय खेळला! पण पुढे रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, हॉकी इंडियाचं अपील फेटाळलं गेलं आणि जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात आपले सोळाऐवजी पंधराच खेळाडू उपलब्ध होते. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या चुकीसाठी गोल मारायची खास संधी, मिळाला की फटका अडवायला गोलमधून सगळ्यात आधी धावत सुटणारा आपला माणूस तोच. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला आणि सामना आपण 3-2 ने हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता, असं मी म्हणणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की अपील एकदा करावं, रीतसर करावं आणि निकाल येईपर्यंत तो खेळाडू नाही असं धरूनच तयारी करावी. स्पेनविरुद्ध ब्राँझच्या सामन्यात रोहिदास परत आला आणि तो सामना आपण 2-1 ने जिंकलो. परत येताना त्याच्यासाठी संघात जागा होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडे खरी भीती तिथेच आहे. विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून, पहाटे सायकल मारत येणारी ही पोर. हॉकी सोडवायला घरचे निमित्तच शोधत होते. कार्डाची बातमी कळल्यावर तिची आई मला म्हणाली, "बसू दे मॅडम आता घरी. बारावीचं वर्ष आहे." अशी मुलगी बंदीच्या काळात घरी बसली की परत येत नाही. कुणी मुद्दाम काढून टाकत नाही, पण क्लास लागतो, घरकाम अंगावर पडतं, स्थळंही बघायला लागतात, आणि तीन सामन्यांची शिक्षा जन्माची होते. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, बंदी सामन्यांना आहे, सरावाला रोज यायचंय.

ती येते. पण इतरांसारखी नाही. सामन्याआधीच्या दिवशी पेनल्टी कॉर्नरचा सराव खेळणाऱ्या अकरा जणींचा असतो, तेव्हा ती चेंडू पुरवते. शनिवारी चौदा वर्षांखालच्या मुलींचा सामना असतो, त्यात शिट्टी तिच्या हातात. मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उसळतो आणि पायाला लागला की नाही यावर त्या चिमुरड्या हुज्जत घालतात. परवा एकीने तिच्या अंगावर ओरडून "दिसत नाही का वो ताई?" म्हटलं. हिने शांतपणे ग्रीन कार्ड दाखवून तिला दोन मिनिटं बाहेर बसवलं. मला फार बरं वाटलं.

काही पालकांचं म्हणणं होतं की क्लबने आपली वेगळी बंदी घालावी, धाक बसेल. मला ते मान्य नाही. एका चुकीला दोन दरबारांत शिक्षा कशाला? आयोजकांनी डोळेझाक केली असती तर मी स्वतः तिला बाहेर बसवलं असतं. उपकर्णधारपद मात्र मी या हंगामापुरतं काढून घेतलं. हॉकीच्या नियमांत संघाच्या वर्तनाची जबाबदारी कर्णधारावर टाकलेली आहे, त्यासाठी त्याला कार्डही मिळू शकतं. त्या जागेजवळ उभं राहायला सध्या दुसरी मुलगी हवी.

मनगट दुखावलेल्या मुलीकडे आम्ही तिघी गेलो, ही, कर्णधार आणि मी. हाड मोडलं नव्हतं, सूज होती. हिने माफी मागितली, तिने मान हलवली, तिच्या आजीने शेंगापोळी पुढे केली. त्या मुलीनेही विडीच्या बोलण्याबद्दल काही म्हणावं, अशी माझी मनातून फार इच्छा होती. ती काही बोलली नाही. आम्हीही विषय काढला नाही, कारण आम्ही आमच्या बाजूचं द्यायला गेलो होतो.

आता शेवटचा पेच. हिच्या जागी खेळवलेली मुलगी आतापर्यंत झालेल्या दोन्ही सामन्यांत सुरेख खेळली आहे, विशेषतः डावीकडे चेंडू सोडण्यात. मग बंदी संपल्यावर सेंटर हाफ कोण? दोघींना समोर बसवून मी सांगितलंय की हिची जागा राखून ठेवलेली नाही आणि शिक्षा म्हणून नाकारलेलीही नाही. बंदीनंतरच्या पहिल्या सामन्याला ही बेंचवरून उतरेल, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, आणि त्यापुढे खेळ बघून ठरवेन.