नवंकोरं जुनं बिस्त्रो

पॅरिसमध्ये नवं बिस्त्रो, म्हणजे छोटं, साधं रेस्टॉरंट, काढायचं तर आधी ते जुनं करावं लागतं. बाराव्या विभागात, आलिग्रच्या बाजारापासून दोन गल्ल्या सोडून असलेली ही जागा उघडून जेमतेम महिना झाला होता. पण बाहेरून बघणाऱ्याला ते सांगून पटलं नसतं. गडद हिरवी लाकडी दर्शनी बाजू, काचेवर सोनेरी वळणदार अक्षरं, आत काळ्या-पांढऱ्या फरश्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतभर आरसे. आरशांच्या कडासुद्धा मुद्दाम काळवंडवलेल्या. फक्त हात धुवायला मागे गेलं की ताज्या रंगाचा वास यायचा आणि सोंग उघडं पडायचं.

मला हे सोंग आवडलं, हे आधीच सांगून टाकतो. बायकोला तितकंसं नाही. "इतकं नटवायचं काय कारण?" हा तिचा प्रश्न जेवण संपेपर्यंत अधूनमधून डोकं वर काढत राहिला.

आलिग्रचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजी-फळांचे ठेले, चौकात जुन्या वस्तू मांडून बसलेले विक्रेते, आणि छपराखालच्या भागात चीज, मासे, मांस. दुपारी एकच्या सुमारास फळवाले आवाज चढवतात आणि भाव उतरवतात. तिथे सगळी सकाळ घालवल्यावर भूक लागणार हे ठरलेलंच होतं, म्हणून दुपारचं टेबल आधी राखून ठेवलं होतं. पॅरिसमध्ये हे बरं पडतं. स्वयंपाकघर साधारण बारा ते अडीच चालू असतं, मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला. मधल्या वेळेत पोहोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही.

फ्रान्समधला एक नियम परक्या माणसाच्या फार सोयीचा आहे. मेनू आणि किमती दाराबाहेर लावणं रेस्टॉरंटला बंधनकारक असतं. त्यामुळे खिशाचा अंदाज रस्त्यावरच येतो. इथे बाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं: दुपारची दोन पदार्थांची थाळी 21 यूरो, तीन पदार्थांची 26. कोपऱ्यात पातेल्यावर घराचं छप्पर असं एक चिन्हही होतं. 2014 पासून फ्रान्समध्ये हे चिन्ह तिथेच, कच्च्या मालापासून रांधलेल्या पदार्थांसाठी वापरतात. तयार पाकिटं गरम करून वाढणारी ठिकाणं कमी नाहीत, म्हणून ही खूण शोधून आत शिरणं शहाणपणाचं.

आत शिरताना "बोंजूर" म्हणायचंच. न म्हणता थेट "दोघांसाठी टेबल" म्हणणारा माणूस इथे उद्धट ठरतो आणि मग वेटरचा थंडपणा सोसतो. आम्ही म्हटलं, त्यामुळे हसून स्वागत झालं. वेटर पोरीने टेबलच बाहेर ओढलं, बायको भिंतीलगतच्या लांब गादीवर सरकली आणि टेबल पुन्हा आत ढकललं गेलं. आता शेजाऱ्याला उठवल्याशिवाय तिला बाहेर पडणं शक्य नव्हतं. दोन टेबलांमध्ये वीतभर जागा. शेजारच्या आजोबांचं वर्तमानपत्र आमच्या पाण्याच्या कॅराफला, म्हणजे काचेच्या सुरईला, टेकत होतं. हे पाणी नळाचं आणि फुकट असतं, पावही तसाच. बाटलीतलं पाणी मागवायची काही गरज नाही.

माझ्यासमोर धातूच्या पत्र्याने मढवलेला काउंटर होता. सगळ्या सजावटीत ज्याच्यामागे खरी गोष्ट आहे अशी ही वस्तू. एकोणिसाव्या शतकात ओव्हेर्न्य आणि आव्हेरों या डोंगराळ भागांतून गरीब माणसं पोटासाठी पॅरिसला आली. आधी त्यांनी घरोघर पाणी वाहिलं, मग कोळसा. कोळशाच्या दुकानाच्या एका बाजूला दारूचा काउंटर असायचा आणि पुष्कळदा तो दुकानदाराची बायको सांभाळायची. शहर त्यांना "बून्या" म्हणायचं. पॅरिसच्या कितीतरी कॅफे-बिस्त्रोंची मुळं या काळ्या हातांच्या माणसांपर्यंत जातात. माझ्या ताटाशेजारचा चाकूही त्याच आव्हेरोंमधल्या लायोल गावच्या धाटणीचा होता. मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग भिंतीवर एखादा कोळशाचा डाग तरी ठेवायचा होता."

मेनू लहान होता. चार सुरुवातीचे पदार्थ, चार मुख्य, चार गोड. हे मला चांगलं लक्षण वाटतं. छोट्याशा स्वयंपाकघरातून तीस पदार्थ येत असतील तर ते फ्रीझरमधून येत असतात. आणि पदार्थ कुठले? अंडं-मेयोनेझ, व्हिनेग्रेतमधले (तेल-व्हिनेगरच्या आंबट मिश्रणातले) लीक, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, कांद्याचं सूप, बदकाचं कोंफी, तरंगती मेरिंग (अंड्याच्या पांढऱ्याचा फेटलेला गोड फेस). एकही नवा पदार्थ नाही.

ही गंमत समजायला थोडं मागे जावं लागतं. 1992 मध्ये ईव्ह कांदबोर्द या शेफने बड्या हॉटेलातली नोकरी सोडून चौदाव्या विभागात "ला रेगालाद" काढलं. उंची हॉटेलचं कसब, पण बिस्त्रोचं टेबल आणि परवडणारी किंमत. त्या लाटेला पुढे "बिस्त्रोनोमी" असं नाव पडलं आणि तरुण शेफ बिस्त्रोच्या ताटात फेस, ठिपके आणि अनोळखी मसाले मांडायला लागले. आता वारं उलटं फिरलंय. 2017 मध्ये "बुइयों पिगाल" उघडलं आणि स्वस्त, साधे, आजीच्या काळचे पदार्थ खायला लोक रांगा लावायला लागले. आमच्या बिस्त्रोतले दोन्ही शेफ तिशीचे असतील, दंडांवर गोंदण, पण रांधत होते ते आजोबांच्या पिढीचं जेवण.

अंडं-मेयोनेझ आम्ही दोघांनीही मागवलं. उकडलेलं अंडं आणि वर मेयोनेझ, बस. यासाठी सहा यूरो का द्यायचे, असं वाटू शकतं. पण या पदार्थाच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये एक संघटना आहे आणि ती याची जागतिक स्पर्धाही भरवते. कारण यात लपायला जागा नाही. अंडं जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडं येतं. मेयोनेझ बाटलीतलं असेल तर पहिल्या घासाला गोडसर चिकटपणा कळतो. घरचं करायचं तर बलक आणि मोहरीची पेस्ट घोटत तेल आधी थेंबाथेंबाने आणि मग धारेने सोडावं लागतं. घाई केली की फाटतं.

आमच्या ताटात तीन अर्धी अंडी उपडी ठेवलेली होती. मेयोनेझ इतकं नेमकं की अंड्यावर जाडसर पांघरुणासारखं बसलं होतं, घरंगळत नव्हतं. मोहरीचा ठसका नाकात जाऊन लगेच निवणारा. बलक मधोमध किंचित ओलसर. खाली बारीक चिरलेली कुरकुरीत कोशिंबिरीची पानं. बायकोने पावाच्या तुकड्याने ताट चकचकीत पुसून काढलं. इथे ते असभ्य मानत नाहीत, निदान बिस्त्रोत तरी नाही.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कसं होतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. छान, म्हटल्यावर मान डोलावून म्हणाले, "नवीन जागी मी आधी तेच मागवतो. अंडं चुकलं तर कॉफी पिऊन उठतो." आज ते मिष्टान्नापर्यंत पोहोचले होते.

बायको मांस खात नाही, आणि बिस्त्रोत खरी अडचण इथून सुरू होते. कांद्याचं सूप निरुपद्रवी वाटतं, पण ते बहुतेकदा गोमांसाच्या रश्शात करतात. मसुराच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. चीजमध्येही कोंतेसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. काटेकोर शाकाहारी असाल तर हे आधीच विचारलेलं बरं. वेटर पोरीने कपाळाला आठी न घालता सुचवलं, की मुख्य पदार्थाऐवजी लीक घ्या आणि सोबत बटाट्याचं ग्रातँ देते. लीक अख्खे, सुरी लोण्यासारखी जाईल इतके मऊ, आणि गरम असतानाच व्हिनेग्रेत ओतलेलं, त्यामुळे आंबटपणा गाभ्यापर्यंत मुरलेला. ग्रातँमध्ये बटाटा, साय, लसूण, आणि वरच्या थराला सोनेरी खरपूसपणा. मला दोन घास मिळाले, तेही मागून.

माझ्या ताटात बदकाची तंगडी. कोंफी म्हणजे मांस मिठात मुरवून त्याच पक्ष्याच्या चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजवणं. फ्रीज नव्हते तेव्हा दक्षिण-पश्चिम फ्रान्समधले शेतकरी ते चरबीखाली बुडवून महिनोन्महिने टिकवायचे. वाढताना कातडी पापडासारखी कुरकुरीत करायची. काट्याचा धक्का लागताच मांस हाडावरून सुटलं. सोबतचे बटाटेही बदकाच्याच चरबीत परतलेले, वर लसूण आणि पार्सली. जड? प्रचंड. शेवटचे दोन बटाटे मी केवळ हट्टाने संपवले.

गोडाने मात्र निराश केलं. पारी-ब्रेस्त हा पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशा सायकल शर्यतीच्या नावाने केलेला चाकाच्या आकाराचा पदार्थ. हलक्या, आतून पोकळ शू पेस्ट्रीचं कडं, आत हेझलनट प्रालिनचं, म्हणजे साखरेत घोळवून वाटलेल्या हेझलनटचं क्रीम. 1910 मध्ये मेझों-लाफितच्या लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्याने तो पहिल्यांदा केला. आमचं कडं फ्रीजमधून थेट आलेलं, ओलसर आणि वातड, क्रीम नुसतंच गोड. बायकोची तरंगती मेरिंग त्यामानाने बरीच बरी होती, व्हॅनिलाच्या पातळ कस्टर्डवर डुलणारी.

कॉफी गोडानंतरच येते, सोबत नाही. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, कारण टेबल तुमचं असतं आणि उठवणं अपमानाचं मानतात. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. आम्ही वरचे तीन यूरो ठेवले, ते आमच्या खुशीने. बिलावर जेवणाचा कर 10 टक्के आणि माझ्या ग्लासभर वाइनचा 20 टक्के असा वेगवेगळा लिहिलेला.

रविवार-सोमवार बंद. रात्रीचं टेबल हवं असेल तर आधी फोन करा. अंडं आणि बदक न चुकवता मागवा, बायकोच्या मते बदकापेक्षा लीक. पारी-ब्रेस्त खायचंच असेल तर एखाद्या चांगल्या पेस्ट्रीवाल्याकडून घ्या आणि जवळच्या उंच पुलावरच्या बागेत बसून खा. ही बाग जुन्या रेल्वेमार्गावर केलेली आहे, आणि इतक्या चरबीनंतर तिथे चालायला तर जावंच लागतं.