चॅटबॉटला आमचं खाजं कळावं म्हणून

गोव्यात म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत आमचं खाज्याचं दुकान लागतं. खाजं म्हणजे आलं-गुळाच्या पाकात घोळवलेली बेसनाची जाड शेव. आजोबांनी १९६८ मध्ये डिचोलीत सुरू केलेला हा धंदा आता बाबा आणि मी सांभाळतो. मागच्या वर्षी जत्रेत रात्री नऊच्या सुमारास पुण्याचं एक जोडपं दुकानासमोर थांबलं. गोव्याहून गोड काय न्यावं, असं त्यांनी मोबाइलवर चॅटबॉटला विचारलं होतं. उत्तरात बेबिंका, दोदोल, पेराद आणि काजू होते. आमच्या ढिगाकडे बघून त्या ताईंनी विचारलं, "हे काय असतं?" बाबांनी कागदावर चार तुकडे ठेवून पुढे केले. त्यांनी अर्धा किलो घेतलं, परत येऊन आणखी एक किलो घेतलं.

विक्री झाली, पण मला झोप लागेना. जत्रेला येणाऱ्या माणसाला खाजं समोर दिसतं, वास येतो, चव घेता येते. जून ते सप्टेंबर जत्रा नसतात. तेव्हा आमचा धंदा कुरिअरवर चालतो, आणि कुरिअरचं गिऱ्हाईक आता आधी मोबाइलला विचारतं. त्या यादीत खाजंच नसेल तर आमचं नाव कुठून येणार?

घरी येऊन मीच विचारून बघितलं. एका चॅटबॉटने गोव्याचं खाजं म्हणजे मैद्याच्या पातळ पापुद्र्यांची, साखरेच्या पाकात मुरवलेली मिठाई, असं ठासून सांगितलं. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "मैदा? आपल्या दुकानात मैदा येतच नाही." ते वर्णन बिहारच्या सिलावच्या खाजाचं होतं. नालंद्याजवळच्या त्या गावाच्या खाजाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही खाजा असतो आणि आंध्रात काकिनाड्याचा खाजा प्रसिद्ध आहे. इंग्रजीत लिहिताना खाजे आणि खाजा यांत एका अक्षराचा फरक उरतो. त्यात सिंधुदुर्गातला मालवणी खाजा म्हणजे आमच्या खाज्याचा सख्खा भाऊ, पण नाव बिहारच्या खाजाचं. यंत्राचा गोंधळ झाला तो उगाच नव्हे. गोव्याच्या खाज्यालाही मानांकन आहे, पण ते खाजं कसं करतात हे नीट लिहिलेलं मला फारसं कुठे सापडलं नाही. मराठीत तर जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या दिवशी एक वही केली. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत उपयोगी पडलं ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिऱ्हाईक खरोखर विचारतं तसे वीस प्रश्न लिहिले. "गोव्याची पारंपरिक मिठाई कोणती", "डिचोलीत खाजं कुठे मिळेल", "आल्याचं खाजं किती दिवस टिकतं", "प्रवासात न सांडणारी गोव्याची मिठाई" असे. काही मराठीत, काही हिंदीत, काही इंग्रजीत. चार चॅटबॉट, प्रत्येक प्रश्न तीन वेळा, दर वेळी नवी चॅट उघडून आणि आधीची आठवण बंद करून. तीन वेळा अशासाठी, की एकाच प्रश्नाला सकाळी एक उत्तर मिळतं आणि संध्याकाळी दुसरं. एकदा विचारून 'आपण येतो' किंवा 'आपण येत नाही' असं ठरवणं चुकीचं आहे. वहीत रकाने चार: खाजं आलं का, बरोबर सांगितलं का, आमचं नाव आलं का, आणि उत्तराखाली कोणत्या पानांचा दुवा दिला.

शेवटच्या रकान्याने माझे डोळे उघडले. चॅटबॉट दोन ठिकाणांहून बोलतो. एक म्हणजे त्याच्या शिकण्यात जे आलं ते, आणि ते एका ठरावीक तारखेपर्यंतचंच असतं; तिथे आपला हात पोहोचत नाही. दुसरं म्हणजे प्रश्न विचारल्यावर तो त्या क्षणी वेबवर जाऊन शोधतो ते. चॅटजीपीटीत हा शोध ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, आणि गूगलच्या शोधात वर दिसणारे एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे एआयने तयार केलेले सारांशही भारतात त्याच वर्षी सुरू झाले. या दुसऱ्या वाटेवर आपल्याला काही करता येतं. माझ्या वहीत दुवे होते ते प्रवासवर्णनांचे, हॉटेलांच्या पानांचे आणि दोन इंग्रजी बातम्यांचे. खाजं करणाऱ्या माणसाचं एकही पान नव्हतं.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. पणजीच्या एका एजन्सीने "तीन महिन्यांत एआयमध्ये पहिला नंबर" असं सांगितलं आणि पस्तीस हजारांतले निम्मे आगाऊ घेतले. त्यांनी नवं संकेतस्थळ केलं, त्यावर चाळीस पानं टाकली आणि प्रत्येक पानावर 'गोव्यातलं सर्वोत्तम खाजं' वीस-वीसदा. वर 'शंभर वर्षांची परंपरा' असं लिहिलं आणि मानांकनाचं चिन्ह लावलं. आजोबांनी धंदा १९६८ ला सुरू केला. शंभर वर्षं कुठून आली? मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि आमची झालेली नव्हती. चिन्ह मी त्याच रात्री काढायला लावलं. तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा एकाही रकान्यात फरक नव्हता. उरलेले पैसे मी दिले नाहीत, पण गेलेले पैसे आणि पावसाळ्याआधीचे ते महिने परत आले नाहीत.

पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. उत्तर दर वेळी नव्याने तयार होतं, तिथे नंबर असा नसतोच. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर काही संस्थांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर एक निबंध लिहिला, तो मी नंतर वाचला. मजकुरात आकडे, अवतरणं आणि भरवशाच्या ठिकाणांचे आधार घातले तर उत्तरात दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. तेच तेच शब्द कोंबून काही साधत नाही, हेही त्यात आहे. आम्ही पैसे मोजले ते नेमके शब्द कोंबण्यासाठी.

मग माझ्या मावसभावाने संकेतस्थळ तपासलं. तो मडगावला संगणकाचं काम करतो. त्याला दोन गोष्टी सापडल्या. संकेतस्थळापुढे बसवलेल्या सुरक्षा सेवेत एआयचे बॉट, म्हणजे वेबवरची पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, अडवण्याचा पर्याय चालू होता. म्हणजे आम्ही दार लावून आत वाट बघत होतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे बॉट वेगवेगळे आहेत, हे मला त्याने सांगितलं. जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधासाठी पानं बघतो. एकाला रोखून दुसऱ्याला आत घेता येतं. आम्ही दोघांनाही घेतलं. दुसरी गोष्ट अशी की पुड्यांची वजनं, भाव, घटक, पत्ता हे सगळं आम्ही व्हॉट्सअॅपला पाठवतो तसल्या रंगीत चित्रांत होतं, आणि उरलेला मजकूर जावास्क्रिप्टने, म्हणजे पान उघडल्यावर चालणाऱ्या कोडने, भरला जात होता. यातले बहुतेक बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. त्यांच्या दृष्टीने आमचं पान कोरं होतं. चॅटजीपीटीच्या शोधात मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचाही वापर होतो, म्हणून बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये संकेतस्थळाची नोंदणी केली. आम्ही तोवर फक्त गूगलचाच विचार करत आलो होतो. एआयला संकेतस्थळावर काय आहे ते सांगणारी, एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची फाइलही ठेवली. तिचा उपयोग झाल्याचं मला दिसलं नाही, पण अर्ध्या तासाचं काम होतं.

चाळीस पानं काढून टाकली आणि एकच पान लिहायला बसले. खाजं म्हणजे काय, एवढंच. आणि अडले. आलं किती, पाक कुठपर्यंत, मला नेमकं माहीतच नव्हतं. बाबांना विचारलं तर "अंदाजाने." मग श्रावणातल्या एका सकाळी वजनकाटा घेऊन मी कढईपाशी उभी राहिले. बाबा बेसनात मीठ आणि गरम तेलाचं मोहन घालून घट्ट मळतात, सोऱ्यातून बोटाएवढी जाड शेव पाडतात, तळून खुसखुशीत झाली की मोडून ठेवतात. मग गुळाचा पाक. त्यांनी आलं किसून मुठीत घेतलं की मी म्हणायचे, "बाबा, थांबा, आधी काट्यावर." तीन घाण्यांचं वजन केलं. किलोभर गुळाला ५८ ग्रॅम, ६१ ग्रॅम, ६० ग्रॅम. पन्नास वर्षांचा हात. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून दोन बोटांत गोळी वळली की लगेच शेव ओततात, तीळ टाकतात आणि झाऱ्याने हलवत राहतात. गूळ सुकून कडेला पांढरट दिसू लागला की उतरवायचं. त्याच्या आधी उतरवलं तर पुडीत चिकटतं, उशीर झाला तर गुळाचा चुरा खाली पडतो. हे वाक्य बाबांचं आहे, आणि पानावर ते त्यांच्या नावासकट तसंच घातलं.

पानाची सुरुवात अशी केली: "गोव्याचं खाजं म्हणजे बेसनाची जाड शेव तळून आलं, गूळ आणि तीळ यांच्या पाकात घोळवलेली कोरडी मिठाई. यात मैदा नसतो." पुढच्याच परिच्छेदात सिलाव, पुरी आणि काकिनाड्याच्या खाजाहून ते कसं वेगळं, आणि मालवणी खाजाशी त्याचं नातं काय. खाजं, खाजे, खाजें, खाजा ही चारही रूपं सहज येतील तिथे वापरली, कारण लोक चारही तऱ्हांनी विचारतात. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत, डिचोलीच्या 'नवा सोमवार' या उत्सवात घरोघरी पुडी का जाते तेही लिहिलं. मराठीत आधी लिहिलं, मग इंग्रजीत नव्याने लिहिलं. मराठीवरून यंत्राने केलेलं भाषांतर वापरलं नाही. त्यात सोऱ्याचं भलतंच काहीतरी होत होतं.

नावाचं काम कंटाळवाणं, पण केलंच पाहिजे असं. आमचा ब्रँड आजीच्या नावाचा आहे. अन्न परवान्यावर ते एका स्पेलिंगने, नकाशावर दुसऱ्याने, पुडीवर तिसऱ्याने. माणसाला कळतं की दुकान एकच आहे. यंत्राला ती तीन दुकानं वाटतात. पुडीवरचं नाव कायम धरून सगळीकडे तेच केलं, फोन आणि वेळाही जुळवल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दुसऱ्यांनी आपल्याबद्दल बोलावं यासाठी. आपण स्वतःला चांगलं म्हणून भागत नाही, ते चॅटबॉटच्या बाबतीतही खरं. विकिपीडियावर स्वतःच दुकानाचा लेख लिहावा असं मनात आलं होतं. पण आपल्याच व्यवसायाबद्दल लिहिणं तिथल्या रीतीत बसत नाही. मग खाज्यासंबंधीच्या मजकुराच्या चर्चापानावर, मी या धंद्यातली आहे असं सांगून, चुकीची माहिती आणि तिला लागणारे आधार मांडले. पुढे एका संपादकाने ते तपासून घेतलं. पुडी फुकट देऊन अभिप्राय लिहून घ्यायचा सल्लाही मला मिळाला होता. ते मी केलं नाही. ज्यांनी विकत घेतलं त्यांनाच विनंती केली, की काय खाल्लं, कसं लागलं ते मोकळेपणाने लिहा. "छान" या एका शब्दापेक्षा "आल्याचा झणका आहे, मुलांना थोडा तिखट लागला" हे वाक्य शंभर पटीने कामाचं.

आणि मी इतर खाजेवाल्यांकडे गेले. जत्रेत आमच्या शेजारी दुकान लावणारे एक काका आहेत, बाबांचे जुने स्पर्धक. "तुमचं दुकान नकाशावर टाकू या," असं म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तुला काय मिळणार?" मी म्हटलं, "काका, लोकांना खाजं म्हणजे काय हेच माहीत नाही. आधी खाजं दिसू दे, मग तुमचं की आमचं ते जत्रेत ठरेल." असे पाच जण तयार झाले. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीने आम्हा सगळ्यांवर मिळून लेख केला. पुढे उत्तरांखाली त्या लेखाचा दुवा आमच्या पानाइतकाच वारंवार दिसू लागला.

दिवाळीनंतर वही पुन्हा भरली. "डिचोलीत खाजं कुठे मिळेल" याला चारपैकी तीन चॅटबॉट आमचं नाव देऊ लागले होते, सोबत काकांचंही. "प्रवासात न सांडणारी मिठाई" याला खाजं येतं, कधी आमच्या नावासह, कधी नुसतं. "गोव्याची प्रसिद्ध मिठाई" याला अजून बेबिंकाच पहिली. तिला २०२३ मध्ये मानांकन मिळालं, तिचा मान मोठा आहे. संकेतस्थळाच्या नोंदींत चॅटजीपीटीहून येणारी माणसं अजून थोडीच आहेत, पण येतात ती भाव विचारायला येतात.

यंदा बोडगेश्वराला नागपूरचा एक मुलगा मोबाइल हातात घेऊन आला आणि बाबांना म्हणाला, "काका, किलोला साठ ग्रॅम आलं घालणारे तुम्हीच का?" बाबांनी मोबाइल मागून घेतला, चश्मा लावला आणि स्वतःचं वाक्य दोनदा वाचलं. मग त्याला पुडी बांधून दिली आणि वर मूठभर जास्त घातलं.

परवा पुन्हा विचारून बघितलं, तर एक चॅटबॉट सांगतो की आमच्या खाज्यात तीळ नसतात. तीळ असतात, आणि ज्यांना तिळाची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी ही चूक धोक्याची आहे. उत्तराखाली एका जुन्या प्रवासवर्णनाचा दुवा आहे. त्या लेखिकेला मी काल पत्र पाठवलंय.